उन्मादचिकित्सितांतील एक पान

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील उन्मादचिकित्सित हा नववा अध्याय अलीकडे दोन प्रकारच्या लेखकांच्या हातीं सांपडला आहे. एक पक्ष म्हणतो कीं, पाश्चात्त्यांनीं ज्यास मानसोपचार म्हटलें तें सर्व आमच्या सत्त्वावजयांत पूर्वींच होतें, आणि रुग्णाविषयींची करुणा तर आमच्या वैद्यकाचा प्राणच होय. दुसरा पक्ष त्याच अध्यायांतील आसुडाचा श्लोक काढून दाखवितो, आणि आमचे वैद्य वेड्यांस फटके मारीत होते एवढें सांगून पुस्तक मिटतो. दोन्ही पक्षांनीं दिलेले आधार मूळांत आहेत. खोटें कोणींच लिहिलेलें नाहीं. परंतु अध्याय सलग वाचल्याचें चिन्ह दोघांच्याही लेखांत दिसत नाहीं. हाच दोष मीं स्वतः एकदां केला आहे, आणि त्याचा परिणाम डोळ्यांनीं पाहिला आहे. म्हणून हा लेख.

प्रस्तुत पोथी माझ्या मातुलगृहची. चिकित्सास्थानाचा मधला भाग तेवढा तींत आहे. आदि नाहीं, अंत नाहीं, त्यामुळें लेखकाचें नांव व शक दोन्ही गेलीं. कागद देशी, अक्षर मोठें व सुवाच्य, कडा कसरीनें खाल्लेल्या, आणि हरताळ लावून केलेल्या दुरुस्त्या पुष्कळ. लिहिणारास संस्कृत बेताचें येत असावें, कारण श आणि ष यांचा घोटाळा पदोपदीं आहे. उन्मादाचा अध्याय जवळजवळ पूर्ण आहे. समाप्तीचें पान मात्र गहाळ आहे. त्या अध्यायांतील एक पान प्राणभयाच्या श्लोकापाशीं संपतें व पुढील श्लोक दुसऱ्या पानावर सुरू होतो. एरवीं ही गोष्ट नोंदण्यासारखी नव्हती.

इ. स. १९७९ च्या सुमारास मी महाविद्यालयांत संस्कृत घेऊन शिकत होतों. त्या वर्षीं माझ्या एका मामेभावाची पत्नी बाळंतपणांत गेली, मूलही गेलें, आणि तीन महिन्यांच्या आंत त्याचें बोलणें-वागणें पार बिघडलें. रात्रीं उठून तो विहिरीकडे जाई, म्हणून त्यास गोठ्याच्या खांबास बांधून ठेवलें होतें. मी सुटींत गेलों असतां मामांनीं पोथी पुढें ठेविली व म्हणाले, “बाळ, तूं एवढें संस्कृत शिकतोस, आजोबांच्या पोथींत यावर काय सांगितलें आहे तें वाच बघूं.” मीं वाचलें, अर्थही सांगितला. शब्द अडत नव्हते याचा मला थोडा अभिमानच वाटत होता. पान संपलें. मामा म्हणाले, “पुरे, कळलें.” मीं पान उलटलें नाहीं. त्या रात्रीं गोठ्यांतून जो आवाज आला त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. मामा दुष्ट नव्हते. मुलगा बरा व्हावा म्हणून त्यांनीं शास्त्राची आज्ञा पाळली, आणि ती आज्ञा त्यांस मीं वाचून दाखविली होती.

आतां त्या पानावर काय आहे तें पाहूं. आधीं घृतें, नस्यें, अंजनें इत्यादि औषधें सांगून झाल्यावर अध्यायकार मनाच्या उपायांकडे वळतो. पहिला उपाय असा कीं, रुग्णाच्या मित्रानें धर्म व अर्थ यांस धरून असलेल्या शब्दांनीं त्यास धीर द्यावा. मग, किंवा त्यास प्रिय वस्तूच्या नाशाची वार्ता सांगावी, किंवा अद्भुत गोष्टी दाखवाव्या. पुढें उतार लागतो: मोहरीच्या तेलानें माखून बांधून उन्हांत उताणा निजवावा, खाजकुइली लावावी, किंवा तापलेलें लोखंड, तेल अथवा पाणी यांचा स्पर्श करावा, आसुडांनीं मारून एकान्त घरांत कोंडावें, दांत काढलेल्या सापानें, शिकविलेल्या सिंहांनीं वा हत्तींनीं, शस्त्रधारी चोरांनीं वा शत्रूंनीं भिववावें, किंवा राजपुरुषांनीं त्यास बाहेर नेऊन राजाज्ञेनें वध करण्याचा धाक घालावा. कारण असें दिलें आहे कीं, शरीरदुःखाच्या भयापेक्षां प्राणाचें भय मोठें, आणि त्या भयानें सर्व बाजूंनीं उधळलेलें मन शांत होतें. आमच्या पोथीचें पान येथें संपतें.

पुढचा श्लोक, जो मीं त्या दिवशीं वाचला नाहीं, तो असा आहे कीं, प्रिय वस्तु नष्ट झाल्यामुळें ज्याच्या मनावर आघात झाला असेल त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ति, सांत्वन व आश्वासन यांनीं शांत करावें. माझ्या मामेभावाचें निदान त्या श्लोकांत जसेंच्या तसें होतें. त्यापुढें, काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्ष्या, लोभ यांपासून झालेला उन्माद परस्परविरुद्ध भावांनीं शमवावा, असें आहे. आणि त्यापुढच्या श्लोकांत हा सर्व उपचार करण्यापूर्वीं देश, वय, सात्म्य, दोष, काल व रुग्णाचें बलाबल हीं जाणून घेण्यास सांगितलें आहे. एक पान उलटण्याचें अंतर.

या कठोर श्लोकांच्या कर्तृत्वाविषयीं एक सोयीची वाट संशोधकास दिसते. तीवर मीही कांहीं काळ चाललों. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायांत दृढबल स्वतःच सांगतो कीं, या स्थानाचे सतरा अध्याय आणि संपूर्ण कल्पस्थान व सिद्धिस्थान चरकानें संस्कारिलेल्या तंत्रांत सांपडले नाहींत, ते त्यानें पुरे केले. चक्रपाणिदत्तानें अकराव्या शतकांत या श्लोकांवर लिहितांना चरकाचे तेरा अध्याय मोजून दाखविले आहेत: आरंभापासून राजयक्ष्म्यापर्यंतचे आठ, आणि अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे पांच. या यादींत उन्माद नाहीं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें इ. स. १९४१ मध्यें काढलेल्या, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधिलेल्या आवृत्तींत उन्माद राजयक्ष्म्याच्या लगेच पुढें येतो. कलकत्त्याच्या कांहीं जुन्या छापील प्रतींत क्रम निराळा आहे. क्रम कोणताही धरा, चक्रपाणीच्या मतें हा अध्याय दृढबलाचाच ठरतो. मग आसूड व साप दृढबलाचे, आणि करुणा चरकाची, अशी वांटणी करून मोकळें व्हावें असा मोह होतो. आपल्या पूर्वजांपैकीं आवडता पूर्वज निर्दोष ठरला तर कोणास नको आहे?

परंतु निदानस्थान आडवें येतें. तें दृढबलाच्या पुरवणींत नाहीं. त्याच्या सातव्या अध्यायांत साध्य उन्मादांच्या उपायांची जी लांब सामासिक यादी आहे, तींत स्नेह, स्वेद, वमन, विरेचन यांच्या पाठोपाठ वध, बंधन, अवरोधन, वित्रासन हे शब्द येतात. आणि त्यांच्याच पुढें विस्मापन व विस्मारण, म्हणजे चकित करणें व विसरविणें. येथील वध म्हणजे ताडन. तेव्हां दृढबलानें जुन्या यादीचा विस्तार केला, भर घातली, पण बीज त्याचें नव्हे. वाग्भटानेंही अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत हे उपाय स्वीकारले आहेत आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतही भिवविणें व ताडणें आहे. चरकास या प्रकरणीं मोकळा सोडतां येत नाहीं.

प्रश्न मग असा उरतो कीं, हे उपाय अध्यायाच्या रचनेंत कोठें बसविले आहेत. येथें व्याकरण उपयोगी पडतें. या श्लोकांतील बहुतेक क्रिया ‘वा’ या अव्ययानें जोडल्या आहेत. ‘वा’ म्हणजे विकल्प. पण विकल्प दोन प्रकारचा. कर्त्यास वाटेल तें घ्यावें असा एक; आणि अमुक विषयीं हें, अमुक विषयीं तें, असा विषय वांटून दिलेला दुसरा, ज्यास वैयाकरण व्यवस्थितविभाषा म्हणतात. माझ्या मामांनीं, आणि अर्थ सांगणाऱ्या मींही, येथील ‘वा’ पहिल्या प्रकारचा घेतला: जो उपाय गोठ्यांत सहज करतां येईल तो घ्यावा. परंतु लागोपाठ शोकार्तासाठीं वेगळा उपाय सांगून, नंतर देश, वय, सात्म्य जाणूनच उपचार करावा असें म्हणणारा ग्रंथकार या सर्व विकल्पांची व्यवस्था लावीत आहे असेंच मानावें लागतें. व्यवस्था कोणती, तें त्यानें एकेक करून सांगितलेलें नाहीं; ती वैद्याच्या परीक्षेवर सोडली आहे.

याच अध्यायाच्या पूर्वभागांत आणखी एक श्लोक आहे. शोधनानंतरही आचार सुधारला नाहीं तर तीक्ष्ण नस्य, अंजन व ताडन सांगितलें आहे खरें. पण लगेच पुढें, जो उद्दामपणा सोडीत नाहीं त्यास बांधावयाचे पट्टे घट्ट असावेत आणि सुखकर असावेत, व ज्या अंधाऱ्या खोलींत ठेवावयाचें तींत लोखंड, लांकूड इत्यादि कांहीं नसावें, असें म्हटलें आहे. पट्ट्यांस ‘सुखैः’ हें विशेषण लावणाऱ्या माणसानें बांधलेल्या मनगटांवरचे वळ केव्हां तरी पाहिले असले पाहिजेत. मामेभावाच्या हातांस काथ्याची दोरी होती.

तसेंच शेवटीं शेवटीं, देव, ऋषि, पितर व गंधर्व यांच्यामुळें उन्मत्त झालेल्या रुग्णास तीक्ष्ण अंजनें व ‘क्रूरकर्म’ वर्ज्य करावें असें सांगितलें आहे. ज्या कृत्यांची यादी ग्रंथकारानें स्वतः दिली त्यांस येथें तो स्वतःच क्रूर म्हणतो. हा अपवाद रुग्णावरील दयेनें केला कीं देवतांच्या धाकानें, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच निराधार नाहीं. मात्र निदानस्थानाच्या त्याच सातव्या अध्यायांत हेंही स्पष्ट आहे कीं, जो स्वतःच्या कर्मानें पीडित नाहीं त्यास देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस पीडा देत नाहींत. प्रज्ञापराधानें झालेल्या व्याधीबद्दल त्यांना दोष देऊं नये. भूतबाधेचा उपचार सांगणाऱ्या शास्त्रानें भुतांवर ठपका ठेवण्यास मनाई करावी, ही गोष्ट आमच्या जागृत देवस्थानांच्या आवारांत आजही समजावून सांगावी लागते.

देश व सात्म्य या दोन शब्दांवर थोडें थांबलें पाहिजे. आजकाल मानसोपचारांत रुग्णाच्या संस्कृतीची जाण हवी, असें आग्रहानें प्रतिपादिलें जातें. अमेरिकेतील मनोविकारवैद्यांच्या संस्थेनें इ. स. २०१३ मध्यें आपल्या व्याधिनिर्णयाच्या ग्रंथांत यासाठीं सोळा प्रश्नांची एक मुलाखतच घातली: तुमच्या त्रासास तुम्ही काय म्हणतां, घरच्या लोकांस तो कसा सांगाल, त्याचें कारण काय असें त्यांस वाटतें, वैद्य व तुम्ही भिन्न परिस्थितींत वाढल्यामुळें गैरसमज होईल अशी चिंता वाटते काय, इत्यादि. आतां विमानस्थानाचा आठवा अध्याय पाहावा. हें स्थान चरकाच्या प्रतिसंस्कारांतलें. तेथें रुग्णाची देशपरीक्षा सांगतांना, हा कोणत्या भूमींत जन्मला, कोठें वाढला, कोठें आजारी पडला. तेथील मनुष्यांचा आहार कोणता, विहार कोणता, आचार कोणता. बळ किती, सत्त्व कसें, सात्म्य काय, आवड कशाची, रोग कोणते, हित काय नि अहित काय, हें सर्व विचारावयास सांगितलें आहे. आचार हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. केवळ हवापाण्याची चौकशी नव्हे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत मानसरोग्यास आत्मा, देश, कुल, काल, बल व शक्ति यांचें ज्ञान हवें असें म्हटलें आहे. म्हणजे देश व कुल वैद्यानें जाणावयाचे, आणि रुग्णानें स्वतःही.

दृढबलाचा तिसावा अध्याय तर या बाबतींत इतिहासाभ्यासकांस मोठें धन आहे. बाह्लीक, पह्लव, चीन, शूलीक, यवन व शक हे मांस, गहूं व मद्य यांस सरावलेले. पूर्वेकडील लोक मासळीस, सिंधुदेशचे दुधास, अश्मक व अवन्तीचे तेल व आंबट यांस, मलयाचे कंदमुळांस, दक्षिणेचे पेजेस. मध्यदेशचे जव, गहूं व गोरस यांस. अश्मक म्हणजे गोदावरीच्या काठचा देश; आमच्याकडच्या चिंचगुळाच्या आमटीचा हा बराच जुना दाखला धरावयास हरकत नाहीं. ज्यास जें सात्म्य त्यास अनुसरून औषध द्यावें, असा या यादीचा हेतु. तींत यवन, शक यांस नांवें ठेवलेलीं नाहींत. त्यांचें मद्यमांस सोडवावें असेंही म्हटलेलें नाहीं. हें मला करुणेच्या पुष्कळ वचनांपेक्षां मोलाचें वाटतें.

करुणेचीं वचनें अर्थात आहेत. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत वैद्याची वृत्ति चतुर्विध सांगितली आहे: मैत्री, आर्ताविषयीं कारुण्य, साध्य रोग्याविषयीं प्रीति, आणि प्रकृतिस्थाविषयीं उपेक्षा. येथें प्रकृति म्हणजे मरण, असा अर्थ चक्रपाणि करतो. बौद्धांचे चार ब्रह्मविहार व योगसूत्रांतील मैत्री-करुणादि चतुष्टय ज्यांस माहीत आहे त्यांस नातें लगेच दिसेल. आणि मुदितेच्या जागीं वैद्यानें प्रीति घातली, उपेक्षा पाप्यांकडून उचलून मरणोन्मुखांकडे नेली, हा फरकही दिसेल. विमानस्थानांत शिष्यास दिलेल्या उपदेशांत रुग्णाच्या घरांतील गोष्ट बाहेर नेऊं नये, स्वतःच्या प्राणासाठींही रुग्णाचा द्रोह करूं नये, आयुष्य थोडें उरल्याचें कळलें तरी जेथें बोलल्यानें रुग्णास वा दुसऱ्यास धक्का बसेल तेथें बोलूं नये, हे नियम आहेत. पण त्याच उपदेशांत राजाचे व महाजनांचे जे द्वेष्य, त्यांस औषध देऊं नये असाही नियम आहे, आणि पतीच्या वा पालकाच्या अनुपस्थितींत स्त्रीसही. राजाच्या रोषास पात्र झालेला उन्मत्त असेल तर त्याचें काय? ग्रंथ मुका आहे. पहिले नियम भिंतीवर लावणाऱ्यांनीं दुसरेही शेजारीं लावावे.

पश्चिमेकडे तरी निराळें काय होतें? रोमन लेखक सेल्ससनें पहिल्या शतकांत उपासमार, बेड्या, फटके व अचानक भय हे उपाय सांगितले. सोरेनसच्या मताचा लॅटिन अनुवादक सीलियस ऑरिलियानस यानें फटक्यांचा निषेध केला. त्याचें कोणीं फारसें ऐकलें नाहीं. अठराव्या शतकांत एडिंबरोचा नामांकित वैद्य कलन वेड्यांवर वचक बसविण्यासाठीं प्रसंगीं मारही मान्य करीत होता, आणि इ. स. १७८८-८९ मध्यें खुद्द इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यास विलिस नांवाच्या वैद्यानें बाह्या बांधलेल्या अंगरख्यांत जखडलें. यॉर्क येथें ट्यूक यांचें आश्रयस्थान इ. स. १७९६ मध्यें उघडलें. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथें प्यूसँनें बेड्या काढल्या त्या इ. स. १७९७ मध्यें. तेव्हां आसुडाचा श्लोक ही एकट्या भारताची लाज नव्हे. आणि बेड्या तोडण्याचें श्रेय आपण पूर्वींच घेऊन ठेवलें होतें असेंही म्हणतां येत नाहीं. तमिळनाडूंत एरवाडी येथें इ. स. २००१ च्या आगस्टांत साखळीस बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगींत जळून मेले. साखळीनें बांधण्यास निरपवाद बंदी करणारें कलम इ. स. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यांत आलें.

सत्त्वावजय म्हणजे आजचा मानसोपचार, हें समीकरण मात्र मला मान्य नाहीं. सूत्रस्थानांतील त्याचें लक्षण मनास अहित विषयांपासून आवरणें एवढेंच आहे. आजच्या मानसोपचारांत रुग्णाचें बोलणें तासन्‌तास ऐकून घेण्याची जी रीत आहे तिची कृति चरकांत दिलेली नाहीं. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं इ. स. १९५० नंतरच्या दशकांत रुग्णांच्या नातलगांस तंबूंत उतरवून त्यांच्याजवळ राहूं दिलें. जसवंतसिंग नेकी यांनीं इ. स. १९७३ मध्यें गुरुशिष्यसंबंध हा उपचाराचा नमुना होऊं शकेल काय याचा विचार मांडला. दोघांनींही आपल्या लोकांची रीत ओळखून काम केलें. आश्वासन देणारा मित्र त्या अध्यायाच्या श्लोकांत पहिला उभा आहे, आणि कुल जाणण्याची आज्ञा सूत्रस्थानांत आहे, एवढाच त्यांचा चरकाशीं संबंध मी जोडीन.

माझा मामेभाऊ पुढें शहरांतील एका तज्ज्ञाच्या औषधानें सुधारला; आणि त्याची धाकटी बहीण वर्षभर रोज सायंकाळीं त्याच्यापाशीं बसून वहिनीच्या गोष्टी बोलत असे, त्यानेंही. त्यानें पुष्कळ वर्षें शेती केली. मात्र पोथ्या उन्हांत घालण्याचा दिवस आला कीं तो सकाळींच शेतावर निघून जाई. एकदां मीं त्यास पुढचें पान वाचून दाखवितों म्हटलें, तेव्हां तो म्हणाला, “दादा, आतां तें तूंच वाच.” घराच्या वांटण्या झाल्या तेव्हां पोथी मजकडे आली.

ती मीं आतां मंडळाच्या संग्रहास दिली आहे. नोंदवहींत तिची पानें कोठें तुटतात तेंही लिहून ठेविलें आहे. ज्यांच्या संग्रहांत चिकित्सास्थानाच्या पोथ्या असतील त्यांनीं उन्मादाच्या अध्यायाची समाप्तिपंक्ति पाहून तींत दृढबलाचें नांव आहे किंवा नाहीं, आणि अध्यायाचा अनुक्रमांक कोणता घातला आहे, हें कळविल्यास मी आभारी होईन. ‘सुखैः’ या पदाच्या जागीं कोठें दुसरा पाठ आढळल्यास तोही कळवावा; आमच्या पोथींत त्या अक्षरांवर हरताळ आहे, आणि खालीं काय होतें तें मला भिंगानेंही लागत नाहीं.